तिसऱ्या मजल्यावरची अंबाडी

ज्याला अंबाडीची भाजी माहीत नाही त्याच्याशी माझं फार काळ जमत नाही, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याशी जमलं, कारण तोही लातूरकडचाच. आमच्या तिकडे अंबाडी ही काही मिरवायची भाजी नव्हे. शेताच्या कडेनं पेरून द्यायची, कोवळी असताना पानं खायची, झाड डोक्याएवढं झालं की सालीचा वाख काढून दोर वळायचे. पान इतकं आंबट की घरात चिंच नसली तरी अडत नाही. उकडायची, पिळायची, ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी. लिहितानासुद्धा तोंडाला पाणी सुटलं बघा.

दोह्याला येऊन आम्हाला सात वर्षं झाली. इथल्या अल सद्दच्या बाजारात सगळं मिळतं. शेवगा मिळतो, आळू मिळतं, मेथी तर पेंढ्याच्या पेंढ्या. गोंगुऱ्याची लाल देठाची जुडी कधीमधी दिसते, ती अंबाडीची चुलत बहीण. पण चुलत बहिणीवर का म्हणून भागवायचं? म्हणून गेल्या सुट्टीत गावाहून परत आले आणि काळ्या मसाल्याच्या डब्यात आईनं खुपसलेली बियांची पुरचुंडी सापडली, तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. असं बी दुसऱ्या देशात न्यायचं नसतं म्हणतात. पण आईच्या लेखी दोहा म्हणजे सोलापूरच्या थोडं पुढं, तिला कोण समजावणार?

ऑक्टोबरात ऊन जरा माणसात आल्यावर मी बाल्कनीत रंगाच्या दोन मोठ्या रिकाम्या बादल्या मांडल्या, खाली भोकं पाडली, नर्सरीतून मातीचं पोतं आणलं आणि बी पेरलं. पाचव्या दिवशी सगळं उगवून वर. पहिली पानं बदामासारखी, अगदी साधी. पुढं झाड गुडघ्याला लागलं तशी वरची पानं बोटं पसरल्यासारखी फुटू लागली, पाच-पाच बोटं, कडेला करवतीसारखे दाते. आमच्या अंबाडीचं पान असंच असतं. मी लहानपणापासून बघितलेलं, त्यात मला वेगळं काय वाटणार?

मग पिवळं पडायला लागलं.

आता पान पिवळं पडणं मला नवीन नाही. खालचं जुनं पान पिवळं होऊन गळतं, त्याचं कुणी सुतक धरत नाही. पण हे उलटंच. खालची पानं हिरवीगार आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी. तीही सगळी नाही, शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधली जागा लिंबाच्या सालीसारखी. मी पाणी वाढवलं, काही नाही. पाणी कमी केलं, काही नाही. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बादलीत धरला.

"राख टाक," आई म्हणाली. "मूठभर राख टाक बुडाला. कशाला एवढं तोंड करूलालीस?"

आईला दोह्यात चूल नाही हे सांगण्यात अर्थ नव्हता. आणि खरं सांगू, मलाही ते पटलं. आमच्या घरी प्रत्येक दुखण्यावर राख होती. वांग्यावर मावा पडला, राख. भोपळा लागेना, राख. त्या शुक्रवारी आम्ही दोह्याजवळच्या वक्रा गावच्या किनाऱ्यावर गेलो, नवऱ्यानं कोळशावर पनीर आणि चिकन भाजलं, आणि निघताना मी शेगडीतली गार राख चमच्यानं खरवडून तुपाच्या रिकाम्या डब्यात भरली. शेजारच्या चटईवरचं अरब कुटुंब बघत होतं. नवरा गाडीकडे तोंड करून उभा राहिला, जणू ही बाई त्याच्याबरोबर आलेलीच नाही.

दोन आठवडे मी इमानेइतबारे राख घातली. आधी एका शेंड्याची पानं पिवळी होती, आता सगळ्या शेंड्यांची झाली. काही तर पांढुरकी पडून कडेनं करपायला लागली. आईला सांगितलं तर म्हणाली, "कमी टाकली आसंल." मी आणखी टाकली.

एका शनिवारी सकाळी माझा संयम संपला. तसा तो फारसा नसतोच. आमच्या बिल्डिंगीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात लिफ्ट बंद, पाणी बंद आणि कुणाची गाडी कुठं आडवी लावली एवढंच चालतं. त्यावर मी झाडाचा फोटो टाकला आणि विचारलं, माझ्या झाडाची पानं पिवळी पडताहेत, जवळपास झाडांची औषधं कुठं मिळतील? आमच्याखेरीज बिल्डिंगीत दोनच भारतीय घरं, दोन्ही पंजाबकडची. बाकी सगळे अरब आणि फिलिपिनो. अंबाडी ओळखणारं कुणी नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

उत्तर येईपर्यंत दम कुठला? माझा फोन चार्जिंगला लावला आणि डायनिंग टेबलवर नवऱ्याचा लॅपटॉप उघडा होता, त्यावर शोधायला बसले. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, पान पाच बोटांचं, दातेरी, असं सगळं इंग्रजीत टाकलं. आणि काय सांगू, खजिनाच उघडला! पानापानाचे फोटो. खालून पिवळं तर काय, वरून पिवळं तर काय, कडेनं करपलं तर काय. अर्धा तास मी हरखून वाचत होते आणि मुलीच्या शाळेच्या सूचनापत्राच्या पाठीमागं टिपून घेत होते. त्यातलं मला कळलेलं असं: मातीत आंबटपणा किती आणि खार किती हे मोजायचं एक माप असतं, त्याला पीएच म्हणतात. सात म्हणजे मधोमध. सहा-साडेसहाला झाडं खूश. आकडा आठाकडे गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. ताट वाढलेलं आहे पण तोंड बांधलेलं, तशातली गत. आणि लोहाची उपासमार पहिल्यांदा दिसते ती कोवळ्या पानांत, शिरा हिरव्या आणि बाकी पिवळं. डिट्टो माझी अंबाडी!

तेवढ्यात अकरा वर्षांची आमची मुलगी दूध घेऊन मागून गेली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

"आई, व्हाय आर यू रीडिंग अबाऊट ड्रग्ज?"

"ड्रग्ज कुठले? अंबाडी आहे."

तिनं बोट दाखवलं. स्क्रीनवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, आणि मी आपली थेट फोटोंवर गेले होते. घरी गांजा लावणाऱ्या लोकांचं वेबपेज होतं ते. दुसरं उघडलं, तेही त्यांचंच. तिसरंही. मग ती बाल्कनीकडे बघून म्हणाली, "अँड आई, दॅट लुक्स एक्झॅक्टली लाइक दॅट."

मी बघितलं. स्क्रीनवर बघितलं, बाल्कनीत बघितलं, पुन्हा स्क्रीनवर बघितलं. पाच बोटं, करवतीसारखे दाते.

नवरा आंघोळ करून बाहेर आला. तो एका बांधकाम कंपनीत प्लॅनिंगला आहे, स्वभावानं भित्रा म्हणणार नाही, पण गाडी चालवताना पिवळा दिवा लागायच्या आधीच थांबणारा माणूस. त्यानं लॅपटॉप बघितला.

"तू हे माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर शोधलंस?"

"तोच उघडा होता."

"ऑफिसच्या? लॅपटॉपवर? गांजा?"

"पीएच शोधला मी! गांजा आपोआप आला."

तो खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. त्याला दोष देत नाही. हा देश कोणता आहे हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. इथं या बाबतीत गंमत चालत नाही, चुकून झालं चालत नाही. आधी तुरुंग, मग घरी पाठवणी, नोकरी आणि मुलीची शाळा दोन्ही खलास.

"आत्ताच्या आत्ता उपट," नवरा म्हणाला. "यल्ला, चल लवकर. पिशवीत भर. मी नेऊन टाकतो."

मी उठले, आणि मग मला ग्रुप आठवला.

फोनवर नऊ मेसेज होते. पहिल्यांदा दोन फुलं आणि एक अंगठा. मग पाचव्या मजल्यावरच्या कुणीतरी विचारलं होतं, हे कोणतं झाड आहे? मग कुणीतरी, हे कतारमध्ये चालतं का? आणि शेवटी बिल्डिंगीच्या सुपरवायझरचा. तो लेबनॉनचा, कडक इस्त्रीतला माणूस, त्या वेळी सुट्टीवर घरी गेलेला. त्यानं लिहिलं होतं: सिस्टर, प्लीज झाड काढू नका, फेकू नका. मी अजून दहा दिवसांनी, मंगळवारी येतो, तेव्हा बघू. काही नसेल तर मी सगळ्यांना कळवेन.

काही नसेल तर. म्हणजे काही असेल तर कुणाला कळवेल, हे लिहायची गरजच नव्हती.

"आता उपटलं तर चोराच्या मनात चांदणं," मी म्हणाले. "कचऱ्याच्या खोलीत कॅमेरा आहे, लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. फोटो सगळ्यांकडे आहे. झाड गायब झालं तर काय सांगणार, वाऱ्यानं नेलं?"

"मग काय करायचं?"

"जगवायचं. हिरवंगार करायचं. फूल आलं की आंधळ्यालाही कळेल. अंबाडीला केवढं मोठं फूल येतं, फिकट पिवळं, मध्ये गडद लाल. गांजाला असलं फूल येत नाही म्हणे, मी आत्ताच वाचलं."

"ते वाचलेलं कुणाला सांगू नकोस," नवरा म्हणाला.

म्हणजे झालं असं की ज्या झाडावरून आमची झोप उडाली, त्याच झाडाच्या सेवेला आम्हाला लागायचं होतं. पिवळ्या वाळक्या काड्या बघून सुपरवायझरला काय कळणार होतं? शेंडे करपून मेले तर फूलही गेलं आणि आमचा पुरावाही गेला. आणि शेंडे करपत तर होतेच, रोज दोन-चार.

त्याच दुपारी मी एक चूक केली. आईला फोन लावला आणि विचारलं, "आई, तू नक्की अंबाडीच दिली होतीस ना? दुसरं काही मिसळलं नव्हतं?"

ती म्हणाली, "कुनाला इचारूलालीस तू?"

"तसं नाही गं, इथं लोक म्हणायलेत..."

"लोकं म्हनूलालेत." तिनं तेवढंच म्हटलं. मग जेवलीस का विचारलं, मुलगी कशी आहे विचारलं आणि फोन ठेवला. आईनं हूं की चूं न करता फोन ठेवला की समजायचं, लागलंय. पुढं तिचा फोन आला नाही, आणि मला करायचं तोंड नव्हतं.

खरं सांगायचं तर मी तिला उगाच विचारलं नव्हतं. मला खरोखरच शंका आली होती. इतके फोटो बघितले होते त्या दिवशी की बाल्कनीत गेलं की मला अंबाडी दिसेचना, ते दुसरंच दिसायचं. जन्मभर खाल्लेली भाजी, आणि मी तिच्याकडे परक्यासारखी बघत उभी.

आता इलाज. वाचलेलं सगळं त्या गांजावाल्यांचं, त्यामुळं त्यावर विश्वास ठेवायलाही मन घेईना. बुरशी असेल असं वाटलं, आणि काही सुचलं नाही की आपले लोक जे करतात तेच मी केलं, हळद टाकली. दोन चमचे हळद मुळाशी भुरभुरली, वरून पाणी घातलं आणि आत येऊन कणीक मळायला लागले. थोड्या वेळानं मुलगी बाल्कनीतून ओरडली.

"आई! इट्स ब्लीडिंग!"

धावत गेले. बादलीखालच्या ताटलीत पाणी झिरपलं होतं आणि ते पिवळं नव्हतं. लाल होतं. कुंकवासारखं लाल.

कणकेचे हात तसेच धरून मी बघत राहिले. आमच्या घरी कुंकू घरीच व्हायचं. हळदीत चुना नाहीतर पापडखार घातला की हळद लाल होते, हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं. पातळावर हळद सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे कुठल्या बाईला माहीत नाही? खार! माझ्या बादलीत खार होता. आणि तो कुणी घातला? मीच, मुठीमुठीनं, तुपाच्या डब्यातून. आमची आजीच कशाला, आमच्याकडच्या सगळ्याच बायका राखेनं भांडी घासायच्या, कपडे भिजवायच्या, ते राखेत खार असतो म्हणूनच ना!

गावाकडं राख चालते, कारण तिथं मूठभर राख आणि चार महिन्यांचा पाऊस आणि एकरभर माती. इथं माती बादलीभर, नळाचं पाणीही आधीच खाराकडे झुकलेलं. कोवळ्या पानांना लोह मिळेना तर मी वरून तोंड आणखी घट्ट बांधत होते. आईची राख चुकली नव्हती, जागा चुकली होती. आणि ते गांजावाले, त्यांचं भलं होवो, अगदी बरोबर होते.

त्या क्षणी मला इतकं हायसं वाटलं की मी चक्क हसायला लागले. अजून सुटलं काहीच नव्हतं, मंगळवार होताच, पण दुखणं काय ते कळलं होतं. दुखण्याला नाव मिळालं की अर्धा ताप उतरतो.

मग कामाला लागलो. वरची दोन बोटं राखमिश्रित माती खरवडून काढली. ढोकळ्यासाठी आणलेलं लिंबूसत्व होतं, ते बादलीभर पाण्यात चिमूटभर विरघळवून ते पाणी झाडांच्या बादल्यांतून भरपूर वाहू दिलं. ताटलीत झिरपलेल्या पाण्यात हळद टाकून बघायची: लाल. दुसऱ्या दिवशी: विटकरी. तिसऱ्या दिवशी: पिवळी! आम्ही तिघं ताटलीभोवती उकिडवे बसलो होतो. नवरा म्हणाला, "पण हळद नुसतं खार आहे एवढंच सांगते. सहा की साडेसात ते कसं कळणार?" प्लॅनिंगवाला माणूस, त्याला आकडा पाहिजे. ऑफिसमधून येताना तो सूक वाकिफच्या जुन्या बाजारात गेला आणि पक्षी-मासे विकतात त्या बोळातून माशांच्या टाकीचं पाणी तपासायच्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आला. दुकानदारानं विचारलं म्हणे, मासे कोणते? हा म्हणाला, अजून ठरायचंय.

पट्टीवर सात आलं, मग साडेसहाच्या आसपास. नर्सरीतून झाडांसाठीच्या लोहाची तपकिरी पूड आणली, ती पाण्यात कालवून मुळाशी घातली. आणि रोज सकाळी चहा घेऊन बाल्कनीत उभं राहायचं. पिवळी झालेली जुनी पानं पुन्हा पूर्ण हिरवी झाली नाहीत. पण आठव्या दिवशी शेंड्याला जे नवं पान उलगडलं ते हिरवं. नुसतं हिरवं नाही, तेलकट हिरवं. मी नवऱ्याला हाका मारमारून बोलावलं. त्याच्या तोंडात टूथब्रश होता, तरी तो बघून हसला. त्या दहा दिवसांत तो पहिल्यांदाच हसला.

आणि पानाच्या बगलेत बारीक कळ्या दिसल्या. पण मंगळवारपर्यंत त्या उमलणार नव्हत्या हे उघड होतं.

मंगळवारी नवरा रजा टाकून घरी थांबला. मी सकाळपासून भांडायच्या तयारीत होते. इंग्रजीत काय बोलायचं ते पाठ केलं होतं. दहा वाजता बेल वाजली. सुपरवायझर, हातात फोन, फोटो काढायच्या बेतात. त्याच्यामागं आमचा हारिस. हारिस म्हणजे बिल्डिंगीचा राखणदार. हा सुदानचा, पांढरा पायघोळ झगा घालणारा साठीचा माणूस. रोज खाली खुर्चीवर बसलेला असतो, मी येता-जाता सलाम करते, तो मुलीला खजूर देतो. यापलीकडं आमचं बोलणं नाही.

सुपरवायझर बूट काढून बाल्कनीत गेला, झाडाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. पानं आता हिरवीगार ना! जितकी निरोगी तितकी त्या फोटोंसारखी. माझ्याच मेहनतीनं मी आगीतून फुफाट्यात आले होते. पाठ केलेलं सगळं इंग्रजी विसरले. "सर, धिस इज भाजी," एवढंच तोंडातून निघालं.

तो काही बोलणार, इतक्यात हारिस त्याच्या खांद्यावरून डोकावला. त्यानं झाड बघितलं आणि तो ओरडलाच. अरबीत भराभर काहीतरी बोलला. मग माझ्याकडे वळला, झगा जरा वर घेतला, आणि उजवा तळहात मांडीवर ठेवून पुढं-मागं घासला, डाव्या हातानं काहीतरी ओढत.

बापू, माझे वडील, अगदी तसे बसायचे. सोप्यावर, मांडीवर वाख वळत, पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून.

"दोर!" मी मराठीत ओरडले. "दोर वळतात, हो, हो, आमच्याकडंही!" आणि मीही मांडीवर हात घासून दाखवला. दोघं समोरासमोर मांड्या घासत उभे, आणि मध्ये लेबनॉनचा सुपरवायझर. नवरा म्हणतो, ते दृश्य तो मरेपर्यंत विसरणार नाही.

मग हारिसनं हात लांब केला, शेंड्याचं एक कोवळं पान तोडलं, झग्याला पुसलं आणि खाल्लं. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं, आणि हसत दुसरं पान सुपरवायझरच्या हातात दिलं. "करकदे," तो म्हणाला, आणि दोन बोटं जवळ धरून दाखवलं, ही त्याची बहीण. करकदे म्हणजे ते लोक लाल आंबट सरबत पितात ना, ते. सुपरवायझरनं पान हुंगलं, कडेनं चावलं आणि त्याचाही चेहरा लिंबू चोखल्यासारखा झाला.

"सॅलड?" त्यानं विचारलं.

"भाजी," मी म्हणाले. "विथ गार्लिक."

त्यानं तिथंच उभं राहून ग्रुपवर लिहिलं: चेक केलं, ही खायची भाजी आहे, शुक्रन, म्हणजे आभार. लगेच अंगठे यायला लागले. पाचव्या मजल्यावरून विचारणा झाली, थोडी मिळेल का? माझा जीव असा भांड्यात पडला की मी तिथंच बाल्कनीच्या उंबऱ्यावर बसकण मारली आणि रडले. सुपरवायझर गडबडला, म्हणाला, सिस्टर, इट्स ओके, नो प्रॉब्लेम. प्रॉब्लेम नव्हता म्हणूनच तर रडत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? दहा दिवस ज्याला सलाम करत होते त्याला एकदा वर बोलावलं असतं तर संपलं होतं.

त्याच दुपारी भाजी केली. कण्या घालून, लसूण दणकून. हारिसला डबा दिला, तो त्यानं भाकरीशिवाय नुसत्या चमच्यानं संपवला आणि रिकाम्या डब्यात खजूर भरून पाठवले. चारच दिवसांनी पहिलं फूल उमललं, फिकट पिवळं, मध्ये लाल. आता त्याची गरज नव्हती, तरी मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकलाच. थोडा ठसका असावा माणसाला.

पण त्याआधी, भाजी खाऊन हात धुतल्याबरोबर, मी आईला फोन लावला.

"आई, अंबाडीच आहे गं."

"मग काय असनार हुती?"

"चुकलं माझं. विचारायला नको होतं मी."

तिनं उलट विचारलं, "आंबट हाय का?"

"लई आंबट. डोळे मिटतात."

"आगं माय," आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, मला फार बरं वाटलं. "मग पहिल्याच दिवशी येक पान तोंडात टाकून बघायचं हुतं की. एवढं काय रामायन केलंस?"

"सुचलंच नाही बघ," मी म्हणाले.

ते खरं नव्हतं. सुचलं होतं. त्या दहा दिवसांत दोनदा मी पान तोडून ओठांपर्यंत नेलं होतं, आणि दोन्ही वेळा भिऊन खाली टाकलं होतं. आईनं दिलेलं बी, आणि मला ते तोंडात घालायची हिंमत झाली नाही. हे मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही.